आधीच उल्हास

मराठी प्रवासवर्णनात शिरायचं असेल तर गावाकडे निदान एक किल्ला, एक धबधबा किंवा एखादं मोडकळीला आलेलं संस्थान असावं लागतं. यांपैकी काहीच नसेल तर हवा तरी थंड लागते. उल्हासनगरकडे यातलं काहीही नाही आणि हवेबद्दल न बोललेलंच बरं. त्यामुळे पावसाळ्यातल्या रविवारी पहाटेच्या कर्जत लोकलने पाठीला सॅक अडकवून निघालेली मंडळी कल्याण सुटल्यावरची विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर ही दोन स्टेशनं डुलकीसाठी राखून ठेवतात. राजमाचीला पोचल्यावर हीच मंडळी पडक्या बुरुजासमोर उभी राहून इथे माणसं कशी राहत असतील, पाणी कुठून आणत असतील, बाजार कुठे भरत असेल, असे प्रश्न एकमेकांना विचारतात. उत्तरं सकाळीच खिडकीबाहेरून गेलेली असतात. माणसं उघड्या माळावर येऊन पडतात, आडोसा करतात, काहीतरी विकायला मांडतात आणि पाहता पाहता त्याची महानगरपालिका होते, हे सगळं ज्याला एका रिटर्न तिकिटात पाहायचं असेल त्याने उल्हासनगरला उतरावं, असं या लेखाचं म्हणणं आहे. म्हणणं विचित्र वाटेल याची कल्पना आहे. म्हणून पुरावे सोबत जोडले आहेत.

नावापासून सुरुवात करू. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी इथे आले, त्यांनी कोनशिला बसवली आणि तोवर 'कल्याण कॅम्प' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. शेजारून उल्हास नदी जाते, शिवाय उल्हास म्हणजे आनंद. घरदार टाकून आलेल्या लाखभर माणसांच्या मुक्कामाला आनंदाचं नाव देण्यात सरकारी सदिच्छा काठोकाठ भरलेली होती. मराठीत 'आधीच उल्हास, त्यातून फाल्गुनमास' अशी एक म्हण आहे आणि तिच्यातला उल्हास हा मूळच्या आळसाचं लाडाचं नाव आहे, हे राजाजींना कुणी सांगितलं नसावं. सांगून बिघडलंही नसतं, कारण म्हणीतला उल्हास या गावाला कधी शिवला नाही. खरं तर सरकारी उल्हासही नीटसा शिवला नाही. एवढी दशकं उलटली तरी रिक्षावाला 'कॅम्प नंबर किती?' असंच विचारतो. एक ते पाच, यांपैकी आकडा सांगायचा आणि बसायचं. पोस्टखात्यानेही या आकड्यांपुढे मान तुकवलेली दिसते: उल्हासनगर-१ चा पिनकोड ४२१००१, उल्हासनगर-५ चा ४२१००५. इतर गावांना पेठा असतात, आळ्या असतात, वाड्या असतात. याला कॅम्प आहेत, आणि कॅम्प या शब्दात 'चार दिवसांनी उठायचंय' ही अट मुळातच घातलेली असते. ती अट गावाने कशी मोडली हीच पाहण्यासारखी गोष्ट.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर सैन्यासाठी संक्रमण छावणी उभी राहिली. दोन हजारांवर बरॅकी, मधोमध लांबच लांब हॉल, दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपलं, सैनिक गेले, बरॅकी ओस पडल्या. मग फाळणी झाली. फाळणीत पंजाब कापला गेला, बंगाल कापला गेला. सिंध मात्र अख्खाच्या अख्खा पलीकडे गेला. पंजाबी निर्वासिताला निदान अर्धा पंजाब तरी अलीकडे सापडला, सिंध्याला गाठायला अलीकडे सिंध नव्हताच. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळली आणि जे अजून 'बघू' म्हणत होते तेही बंदरावर आले. बोटी मुंबईला लागल्या. यात एक गंमत आपण विसरतो. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. म्हणजे कराची आणि कल्याण एका गव्हर्नरच्या हाताखालून वेगळी होऊन पुरती बारा वर्षंही झाली नव्हती. ज्यांना आपण परके समजून नाकं मुरडली ते सरकारी दप्तराप्रमाणे कालपरवापर्यंत आपल्याच भावकीतले होते. भावकी म्हटल्यावर नाकं मुरडणं आलंच, तो भाग निराळा.

एकेका बरॅकीत कितीतरी बिऱ्हाडं कोंबली गेली आणि दोन संसारांच्या मध्ये गोणपाटाचा पडदा आला. आता इथून माझा मुद्दा सुरू होतो. फाळणीने या देशाला निर्वासितांची आणखीही गावं दिली. लाहोर गेलं म्हणून पंजाबला राजधानी हवी झाली आणि चंदीगड उभं राहिलं. त्यासाठी परदेशातून ल कॉर्बुझिए आला. कच्छमध्ये सिंध्यांसाठीच गांधीधाम वसवलं गेलं. त्याला भाई प्रताप यांच्यासारखा द्रष्टा माणूस, कच्छच्या महारावांची जमीन आणि रीतसर आराखडा लाभला. उल्हासनगरला यातलं कुणी लाभलं नाही. त्याचा आराखडा एका लष्करी अभियंत्याने काढलेला होता, आणि तोही 'युद्ध संपलं की मोडून टाका' या हिशोबाने. चंदीगडच्या वस्त्यांना नंबर आहेत तर जग त्याला आधुनिक नगररचना म्हणतं आणि छायाचित्रं काढायला जातं. उल्हासनगरच्या वस्त्यांनाही नंबर आहेत, तर आपण खिडकी लावून घेतो. चंदीगड पाहताना आपण एका बुद्धिमान माणसाची कल्पना पाहतो, तीही इस्त्री केलेली. लाखभर माणसांपुढे कुठलीही कल्पना नसताना, फक्त संध्याकाळच्या जेवणाचा प्रश्न असताना गाव कसं होतं, हे पाहायला आपल्या आसपास दुसरी जागा शोधून सापडत नाही. तात्पुरतेपणा हेच इथलं पुरातत्त्व आहे.

हे पुरातत्त्व पत्त्यांत जपलं गेलंय. इथल्या पत्त्यात 'बीके नंबर' असतो, म्हणजे बरॅक नंबर. पुढे रूम नंबर, पुढे सेक्शन. पत्ता हातात घेऊन गेलं की समोर पाच मजली इमारत उभी असते, खाली मोबाइलचं दुकान, वर ब्यूटी पार्लर, आणि बरॅक कुठेही नसते. बरॅक गेली, तिचा नंबर मागे राहिला. आपल्याकडे वाडे पाडून झाल्यावर इमारतीला वाड्याचं नाव देतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे जपलं जातंय ते सरदार घराण्याचं नाव नसून एका निनावी शिपायाच्या खाटेचा क्रमांक. हौशी माणसाने गल्लीबोळांतून हिंडावं. मध्येच एखादं बसकं, लांबट छप्पर दोन इमारतींच्या बगलेत दबलेलं दिसतं. तिथे थांबावं. पुरातत्त्व खात्याची निळी पाटी नाही, तिकीट नाही, गाईड नाही. समोरच्या दुकानदाराला विचारलंत तर तो माहिती देईल, पण त्याआधी बसायला स्टूल देईल, आणि स्टूल दिल्यावर काहीतरी दाखवेलही. त्या 'काहीतरी'ची किंमत हेच इथलं प्रवेशशुल्क.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हसत हसत येतो. उल्हासनगर म्हणजे नक्कल. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद मुंबई उपनगरांत इतक्या पिढ्या चाललाय की आता त्याचीही नक्कल मिळत असेल. आक्षेपात तथ्य आहे, पण हिशोब अर्धवट आहे. परवाना राज्याच्या काळात परदेशी वस्तू मिळत नव्हत्या आणि परदेशी वस्तूंवाचून मध्यमवर्गाचा जीव राहत नव्हता. आखातातून आलेल्या मेव्हण्याची अत्तराची बाटली शोकेसमध्ये रिकामी झाल्यावरही उभी असायची. अशा गिऱ्हाइकाला वस्तू देशी चालत होती, लेबल मात्र परदेशी हवं होतं. उल्हासनगरने त्याला नेमकं तेच दिलं आणि तेही परवडेल अशा भावात. ज्याने लेबल मागितलं तो सज्जन आणि ज्याने चिकटवलं तो लबाड, हा न्याय डोंबिवलीच्या गॅलरीत बसून करायला सोपा आहे. पण ते लेबल विकत घेऊन डोंबिवलीला कोण घेऊन गेलं, हेही कधीतरी विचारायला हवं. अर्थात जिथे वस्तूवर कुणाचा जीव अवलंबून असतो तिथे नक्कल ही निव्वळ फसवणूक आहे, मग ती कुठल्याही कॅम्पात होवो. तिची वकिली इथे नाही.

उरलेल्या नकलेबद्दल जीन्सचा दाखला देतो. उल्हासनगर हे जीन्सचं मोठं केंद्र. कापणं, शिवणं, बटणं ठोकणं, सगळं गल्लोगल्ली. यावर नाक मुरडणाऱ्याला मूळ, अस्सल, अमेरिकन जीन्स हवी असते. तर त्या अस्सल जीन्सची जन्मकथा अशी: लेव्ही स्ट्रॉस हा बव्हेरियातून अमेरिकेत आलेला स्थलांतरित, सॅन फ्रान्सिस्कोत कापडचोपडाचा घाऊक धंदा करणारा. जेकब डेव्हिस हा रिगाकडून आलेला दुसरा स्थलांतरित, पेशाने शिंपी. शिंप्याला पँटच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकायची युक्ती सुचली, पेटंटच्या भानगडीसाठी त्याने आपल्या कापडवाल्यालाच भागीदार करून घेतलं आणि १८७३ मध्ये दोघांना मिळून पेटंट मिळालं. परक्या मुलखात आलेला एक दुकानदार, एक शिंपी, आणि मजुराला टिकेल अशी पँट. यात उल्हासनगरी नाही असं काय आहे? जीन्स इथे आली ती पाहुणी म्हणून आलेली नाही, ती माहेरी आलीय.

बाजारात हिंडताना तर नकलेचा मुद्दा आपोआप मागे पडतो, कारण समोर चाललेलं नाटक पूर्ण अस्सल असतं. निर्वासित म्हणून आलेल्या या लोकांनी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकण्यापासून सुरुवात केली. 'शरणार्थी' हा शब्द त्यांना झोंबायचा; आम्हाला 'पुरुषार्थी' म्हणा, असा त्यांचा आग्रह असे. भांडवल नव्हतं, जमीन नव्हती, मग उरलं काय, तर नफा कमी घेणं आणि माल लवकर हलवणं. माल खरेदीच्याच भावात विकून खोक्यांच्या विक्रीवर कमाई केल्याचे किस्से सिंधी व्यापाऱ्यांबद्दल सांगितले जातात. त्यात तिखटमीठ असेल, पण धंद्याची दिशा बरोबर कळते. गजानन मार्केट, जपानी बाजार, फर्निचर बाजार ही इथली प्रेक्षणीय स्थळं. लग्नसराईत मुरबाड-शहापूरकडची अख्खी कुटुंबं बस्ता बांधायला इथे उतरतात: नवरीची आई, दोन मावश्या, एक हिशोबी काका आणि ज्याचं कुणी ऐकत नाही तो नवरा. दुकानदार गादीवरून एकाच दमात काकांशी मराठी, नोकराशी हिंदी आणि भावाशी सिंधी बोलतो. मावशीला 'ताई' आणि आईला 'मावशी' म्हणून दोघींची वयं आपल्या सोयीने लावतो. साड्यांचा डोंगर होतो, तो मावशी 'बघू अजून पुढे' म्हणून ओलांडतात आणि पाच दुकानं हिंडून पुन्हा त्याच पायथ्याशी येतात. वेरूळला जाऊन आपण दगडातली माणसं पाहतो. इथली माणसं हलतात, बोलतात आणि शेवटी शंभर रुपये सोडतात.

खाण्याच्या बाबतीत मात्र मराठी प्रवाशाने थोडी मनाची तयारी ठेवून जावं. सकाळी दाल-पकवान. पकवान या शब्दाने आपण श्रीखंडाच्या अपेक्षेने बसतो आणि समोर मैद्याची भली मोठी खुसखुशीत पुरी व वाटीभर चण्याची डाळ येते. घरी गेलात तर पाण्याबरोबर पापड येतो. नुसतं पाणी पुढे करणं सिंध्याला उघडंबोडकं वाटतं, जसं आपल्याला कुंकवाविना पाठवणं वाटायचं. आणि कढी. इथे दोन संस्कृतींची खरी टक्कर आहे. सिंधी कढीत ताक नसतं. बेसन भाजून, चिंचेचा आंबटपणा घालून, शेवगा, भेंडी, बटाटा सोडून केलेला तो दाटसर पदार्थ मराठी माणूस चाखतो आणि 'छान आहे, पण ही आमटी झाली' असा निवाडा देतो. ज्याने ताकाविना कढी टिकवली, त्याने सिंधाविना सिंधीपण टिकवलं यात नवल नाही, हे वाक्य सुचलं होतं. पण कढीवर इतकं ओझं टाकणं बरं नव्हे. तिच्याबरोबर भात घ्यावा आणि गप्प बसावं.

आता दुसरा आक्षेप, आणि इथे हसू आवरावं लागतं. वालधुनी नदी अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराला लागून येते. १०६० सालचं ते मंदिर पाहायला लोक मुद्दाम जातात, त्याच्यावर लिहितात, कोरीव काम पाहून हरखतात. त्याच नदीच्या काठाने कल्याणकडे यायला कुणी धजत नाही, कारण मधल्या वाटेत कारखाने, जीन्सची धुलाई आणि सांडपाणी मिळून तिचा नाला झालेला आहे. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आदेश निघाले. नदीने काय भोगलं हे ज्यांना नाक आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बांधकामांचीही तीच कथा. उच्च न्यायालयात प्रकरण गेलं ते ८५५ बेकायदा इमारतींचं. त्यावर राज्य सरकारने २००६ मध्ये खास उल्हासनगरपुरता, इथली अनधिकृत बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला. एका गावाच्या बेकायदेशीरपणासाठी स्वतंत्र कायदा! आधी इमारत, मग परवानगी, शेवटी कायदा, ही कॅम्पातली पद्धत सरकारने इतक्या प्रामाणिकपणे उचलली की नक्कल कोण कुणाची करतंय हे समजेना. पण याच शहरात स्लॅब कोसळून माणसं मेलेली आहेत, तेव्हा याला निर्वासितांचा चतुरपणा म्हणून खपवता येणार नाही. मी याचं समर्थन करत नाही. एवढंच म्हणतो की हा दोष त्या गुणाच्याच पोटी जन्मला. ज्यांना काल घर सोडावं लागलं त्यांनी आधी छप्पर टाकलं आणि कागद नंतर पाहिले, हे समजू शकतं. तिसऱ्या पिढीतला बिल्डर तेच करतो तेव्हा त्याला फाळणी झालेली नसते, फक्त नफा दिसत असतो. तात्पुरतेपणाचं कौतुक करायचं तर ते कुठे संपवायचं हेही सांगितलं पाहिजे. माझ्या मते ते पायाच्या दगडापाशी संपतं.

तिसरा आक्षेप सौम्य आहे, बहुधा सिंधी मित्रच घेतील: आता इथे सिंधी उरलाय कुठे? मुलं ठाण्याला गेली, दुबईला गेली. भाषेला १९६७ मध्ये आठव्या परिशिष्टात जागा मिळाली, पण ती अरबी वळणाच्या लिपीत लिहावी की देवनागरीत या वादात नातवंडं ती वाचायचीच राहून गेली. खरं आहे. पण निर्वासितांनी वसवलेलं गाव निर्वासितांच्याच नातवंडांनी भरलेलं राहावं ही अपेक्षा त्या गावाच्या स्वभावाविरुद्ध आहे. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ५,०६,०९८ होती, आणि ती सुमारे तेरा चौरस किलोमीटरांत. चौरस किलोमीटरला अडतीस हजारांवर माणसं. त्यांत मराठी आहेत, आणि शिलाई यंत्रावर वाकलेले उत्तर प्रदेश-बिहारकडचे कारागीरही आहेत, जे जिथे शिवतात तिथेच गठ्ठ्यांना उशाला घेऊन झोपतात. गोणपाटाचा पडदा त्यांच्यापर्यंत पोचलाय. मधल्या काळात वस्तीची नगरपालिका झाली, १९९६ मध्ये महानगरपालिका झाली, मुख्य म्हणजे कॅम्पची वर्दी उतरली. पण नव्याने येणाऱ्यासाठी ते अजून कॅम्पच आहे. गुढीपाडव्याच्या पाठोपाठ चेटीचंड येतो, झुलेलालची मिरवणूक निघते आणि कालची गुढी उतरवून झालेली माणसं बाल्कनीत उभी राहून ती पाहतात. एक दिवसाच्या अंतराने दोन नवी वर्षं, आणि मिठाईवाला दोन्हींचा.

तेव्हा जायचं असेल तर फार तयारी लागत नाही. कर्जत किंवा अंबरनाथ-बदलापूर लोकल धरावी आणि विठ्ठलवाडी किंवा उल्हासनगरला उतरावं. कसाऱ्याच्या बाजूने येणाऱ्याने शहाड गाठावं, तिथे बिर्लांनी बांधलेलं विठ्ठलमंदिर आहे, म्हणजे घरी 'देवदर्शनाला गेलो होतो' असं खरं सांगता येतं. पिशवी रिकामी न्यावी. पावसाळा टाळावा, उन्हाळा झेपणार नाही. उत्तम काळ फाल्गुन. म्हण रचणाऱ्याने उल्हास आणि फाल्गुन यांची गाठ कशासाठी मारली ते तो जाणे, पण उल्हासनगरला फाल्गुनात एक विशेष कारण आहे. होळीच्या आधी मिठाईच्या दुकानांबाहेर पसरट कढया चढतात आणि घीअर तळायला घेतात. जिलबीची थोरली बहीण म्हणावी अशी, ताटलीएवढी, तुपात तळून पाकात बुडवलेली. किलोवर मिळते, घरी नेईपर्यंत मोडते, आणि होळी झाली की कढया उतरतात.